डाव्या इंजिनावरची पिवळी रेघ

पेढे ठेवा हो तिथे, खाऊ मग — आधी सांगा, सिद्धेशने नक्की काय सांगितलं तुम्हाला? 'रवींद्रमामांची सही आहे, डोळे मिटून विमान घ्या' — असं? म्हणणारच. बहिणीचा मुलगा माझा, हर्षितशेठ. बाप गेल्यावर इथेच, मानपाड्याला, याच घरात वाढला. हँगरमध्ये मीच नेलेलं त्याला — पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. आता जुनी विमानं विकतो, चार माणसांत नाव काढलंय पोराने.

दाखवा फोटो. हं, हेच ते — दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, निवृत्त व्हायच्या आधी शेवटचं वर्ष मी यावरच तपासनीस होतो. तुम्ही घोडबंदरचे बिल्डर, मुलांना घेऊन शिर्डीला उडणार — छान, छान. हे उजवं इंजिन. बोल्टवर लाल रेघ दिसते? कव्हर उघडून परत आवळलं की आम्ही ती ओढतो. पुन्हा कोणी बोल्ट फिरवला तर रेघ तुटते, लगेच कळतं. आता डावं... जरा मोठं करा. अजून. ही पिवळी कशी? पिवळी कारखान्याची असते — आणि अख्खी आहे. म्हणजे हे कधी उघडलेलंच — थांबा, लॉगबुकाची झेरॉक्स आणलीय ना? द्या इकडे.

'चौदा एप्रिल. डावं इंजिन उघडलं, पाती तपासली, ठीक.' खाली सिद्धेशची सही, त्याखाली माझी. चौदा एप्रिल! तो भिंतीवरचा फोटो बघा — जयंतीचा, त्याच वर्षीचा. निळा फेटा घातलेला तो सिद्धेश. सकाळी वंदनेला, दुपारी खिरीच्या पातेल्यापाशी, संध्याकाळी मिरवणुकीत — दिवसभर इथेच होता. मला कसं माहीत? मीच बोलावलेलं ना! तपासणीची मुदत त्याच दिवशी संपत होती. तो म्हणाला, मामा, डावं राहिलंय. मी म्हटलं, अरे, उद्या पहाटे जाऊन कर, तारीख आजची टाकू — जयंती काय रोज येते? दुसऱ्या दिवशी वही पुढे केली — 'मामा, झालं.' आमचा सिद्धेश म्हणतोय झालं — मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही हो. सही केली.

खोटं बोलला. माझ्याशी! आणि तुम्हाला इकडे पाठवलं कोणी? त्यानेच ना? त्याला पक्कं ठाऊक — सही मामाची, तारीख मामानेच मागची घालायला लावलेली, म्हातारा तोंड उघडतोय कशाला. पोटच्या पोरासारखा वाढवला, हर्षितशेठ, आणि त्याने माझीच मुंडी धरून तुम्हाला विमान विकायला काढलं.

घेऊ नका. त्या इंजिनाच्या भरवशावर लेकरांना बसवू नका. काय? लिहून हवंय? माझ्या सहीने? — अहो, माझी सही बघूनच तर आला होतात ना तुम्ही? दुसरा माणूस आणा, कव्हर उघडायला लावा, समोर उभं राहून बघा. आता उठा, मला फोन करायचाय. नाही, त्याला नाही — ही वही जिथे जमा आहे, त्या सरकारी विमान खात्यात. माझ्या सहीचंही सांगायचंय.

ते पेढे उचला आधी. निघा.