माझ्यासारखी एक द्या!

…आणि वर लोक मलाच म्हणतात, "तुझं बरंय बाई, तू सुटलीस!" सुटले? अहो, तुम्हाला सांगते, तुरुंग परवडला, तिथं निदान सुटायची तारीख तरी ठरलेली असते! पण तिघींनी मिळून भाड्यानं घेतलेल्या घरातनं एकीनं बाहेर पडायचं म्हणजे… मी म्हणते, माणसाला सुखानं जाऊ द्यावं की नाही?

मी रंगाच्या कारखान्यात आहे. शेड जुळवते. म्हणजे गिऱ्हाईक भिंतीचा एवढासा टवका खिशातनं काढून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "अगदी हाच पाहिजे," की तो रंग तस्साच बनवून द्यायचा. तर परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली… खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे… आणि म्हणाले, "नवा कारखाना काढलाय. तिथली लॅब तुम्ही सांभाळायची. फक्त, अं… देशाच्या त्या टोकाला आहे. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल." दुसरं कुणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा तो, ज्याला पिवळा आणि क्रीम यातला फरक चष्मा पुसून पुसूनही कळत नाही! त्याच्या हाती लॅब? मी बसल्या जागी हो म्हटलं.

घरी येऊन सांगितलं. आमची सिस्टर, म्हणजे नर्स आहे ती, हॉस्पिटलात रात्रपाळी असते, ती उशी कवटाळून रडायलाच लागली. वकिलीणबाई काही रडल्या नाहीत. वकीलच त्या, त्यांनी नियम काढला! "जाणारीनं आपल्या जागी दुसरी आणून द्यायची, आणि ती उरलेल्या दोघींना पसंत पडली पाहिजे. ठरलंय ना आपलं?" ठरलंय हो! पण कधी? घरात शिरताना! शिरताना कुणी जायचा विचार करतं का?

झालं, लागले शोधायला. पहिली आणली, बँकेतली, गरीब गाय अगदी. ती जिना उतरते न उतरते तोच सिस्टर म्हणते, "फारच शांत आहे गं, घरात आहे की नाही तेच कळायचं नाही." अगं बये, तू दिवसभर झोपतेस, तुला शांतच पाहिजे ना? बरं, दुसरी आणली, चांगली बोलकी. तर, "कान किटले गं!" तिसरी ना मुकी ना बडबडी, तर वकिलीणबाई चष्म्यावरनं बघत म्हणतात, "तिनं चपला काढून अगदी ओळीत लावल्या. इतक्या नीट माणसांचं मला भय वाटतं." आता काय बोलायचं? आणि एकेकीला नाकारून झालं की दोघी माझ्याकडे बघून उसासा टाकणार, "तुझ्यासारखी नाहीच गं मिळायची!" रंगाला रंग जुळवायचा पगार घेते मी, पण माझ्यासारखी मला काही जुळवता येईना! तिकडे एक तारीख जवळ येतेय, तिकीट काढलेलं, साहेबांचे फोनवर फोन… माणसाला सुखानं जाऊ द्यावं की नाही?

आणि ही कौतुकं कधी? आत्ता! इतकी वर्षं काय होतं? "न्हाणीघरात झोपलीस का?" "तुझे केस अडकून मोरी तुंबली!" "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" आणि निघाले म्हटल्यावर मी एकदम गुणाची पुतळी! मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! पण खरं सांगू? आतनं बरं वाटत होतं हो. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

मग आली चौथी. दातांच्या डॉक्टरकडे कामाला. आली, बसली, पाणी प्यायली, पेला विसळायला गेली आणि मोरीतनं ओरडली, "ताई, पाना आहे का?" पाना! तो नळ आम्ही आल्यापासनं गळत होता, आम्ही त्याच्याखाली बादली ठेवून दिवस काढले. हिनं दोन पिळे दिले, नळ गप्प! सिस्टर झोपेतनं उठून आली, म्हणे, "कसली शांतता आहे ही?" आणि दोघी एका सुरात, "हीच!"

हीच? अहो, एवढ्यात? तुम्हाला सांगते, मीच म्हणाले, "घाई नको, आणखी दोन-चार बघू. ही जरा जास्तच हसते." तर वकिलीणबाई, "अगं, तुला एक तारखेला हजर व्हायचंय ना?" आणि मग काय तो उत्साह! माझी खोकी बांधायला दोघी, खाली न्यायला ती चौथी. मी अजून दारात उभी आणि आत माझा पलंग सरकवल्याचा आवाज, आणि सिस्टर म्हणतेय, "अय्या, खोली किती मोठी वाटते गं आता!" मी म्हणते, माणसाला इतक्या सुखानं जाऊ द्यावं का?

गाडीत मात्र रडू आलं मला, लपवत नाही. सगळा देश ओलांडला, नव्या खोलीत खोकी टाकली आणि आधी सिस्टरला फोन लावला. म्हटलं, जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा. फोन उचलला चौथीनं. हळू आवाजात म्हणते, "ताई रात्रपाळी करून आल्यात, गाढ झोपल्यात. महत्त्वाचं असेल तर उठवू का?"

मी म्हटलं, "नको गं, झोपू दे. महत्त्वाचं काही नाही… मीच आहे."