साहेबासाठी धुतलेली विहीर

माझं माहेर मावळात, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन चाकणजवळच्या या गावात आले तेव्हा सासरा आणि मालक विहीर खोदत होते, दगड मीबी वाहिलेत, म्हणून ती विहीर माझी, कुणाला पटो न पटो. मग वरच्या अंगाला कंपनी आली, तिनं मागं खड्डा काढून घाण पाणी त्यात सोडलं, आणि काय सांगू तुम्हाला, विहिरीवर तवंग, डाळ शिजंना, चहात दूध फाटायचं. म्हशीनं पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं. माणसांना कळायला वर्षं लागली.

आमी बायांनी कोर्टात दावा लावला. पाणी तपासायला साहेब येणार असं कळलं, तर आमी काय करावं? विहीर उपसली, गाळ काढला, कड झाडली, वर टँकरचं पाणी सोडलं. पाहुणा येणार तर घाण कशी दाखवायची, एवढीच आमची अक्कल. साहेबांनी बाटली भरून नेली, कागद आला, पाणी चांगलं हाय. कंपनीचा वकील हसून म्हणाला, आजीबाईंना उगाच वहीम. धाकटी जाऊ सखू म्हणाली, आक्का, आपणच आपल्या हातानं केस बुडवली. मी म्हटलं, मग आपल्याच तोंडानं वर काढू.

आमची वकील पोरगी गुणाची, पण तीबी म्हणाली, आजी, हे बोलू नका, पुरावा तुम्हीच बिघडवला असं होईल. मी म्हटलं, बिघडवलाच की. पुढच्या तारखेला उभी राहिले आणि सांगून टाकलं, जज्जसाहेब, विहीर आमी धुतली, चूक आमची, पण तुमच्या घरी व्याही येणार असले तर तुमी झाडता का न्हाई? सगळे हसले, जज्जबी हसले, मग कंपनीच्या वकिलाकडं वळून म्हणाले, आता तपासणी न सांगता होईल, विहिरीची आणि तुमच्या खड्ड्याचीही.

तपासणीचे साहेब न सांगता आले. विहिरीत निघालं तेच खड्ड्यात निघालं. वकिलाचं हसू गेलं. कोर्टानं कंपनीला खड्डा साफ करायला लावला, माती उचलायला लावली, घरोघरी नळ तिच्याच खर्चानं. सखूनं पेढे वाटले, मला साखरेचा आजार, तरी दोन खाल्ले.

विहीर अजून पिण्याजोगी न्हाई, माझ्या हयातीत होईल असं वाटत न्हाई. पण बाटली भरायला माणूस येतो, कधी ते सांगत न्हाई. सून झाडू घेऊन उठली की मी म्हणते, अंगण झाड, विहिरीला हात लावू नकोस.

घ्या, चहा घ्या. नळाच्या पाण्याचा हाय. बघा, दूध फाटलं न्हाई.