आठवी पाकळी

सातच हायत, साहेब. परत मोजा, सातच येतील — फोटो मोठा करून बघितलात म्हणून आठवी उगवणार नाय. तो नुसता खरबरीत गिलावा दिसतोय ना, ती आठवीची जागा. काय म्हणालात, असल्या फुलाला इंग्रजीत वेगळं नाव हाय? राजांच्या ढालींवर असायचं? असंल. हे आमच्या गावदेवीच्या दारावर हाय आणि माझ्या भावानं केलंय, सिमेंटात, हातानं. सुनीलदादानं. मागच्या महिन्यात गेला. कावीळ. झाडपाला घेत बसला, आणि — नका बोलू काय. सगळे तेच बोलतात.

हर्षदची वाट बघतोय मी. दादाचा जोडीदार, भिवपुरीचा. दोघं मिळून कामं करायचे, बंगल्यांचे खांब, देवळांच्या महिरपी. मी? मला एकदा घेतलेलं परांचीवर. माझ्या हातून बादली सुटली ती खाली सरपंचाच्या गाडीवर. तिथंच माझं काम सुटलं — शाळा त्याआधीच सुटलेली. मग दादा म्हणायचा, तू डबा आण. डबा! सख्ख्या भावानं डबा आणायचा आणि भिवपुरीच्या हर्षदनं त्याच्या मांडीला मांडी लावून पाकळ्या काढायच्या. वर बसून दोघं हसायचे, मी खाली डबा धरून उभा. काय हसताय रं, विचारलं तर — काय नाय रं, कामाचं हाय. कामाचं!

आणि ही बघा वाटी. घ्या हातात. साधी स्टीलची, नाय का? ओल्या मालावर हिची कड दाबायची, मग पाकळीला गोलाई येते. सगळ्या पाकळ्या हिच्याच. दुसरी लावली तर आठवी परकी दिसंल. आणि वाटी कुणाची? माझी. बारका होतो तेव्हापासून हिच्यात आमटी घ्यायचो मी. दादानं न विचारता उचलली, आई ओरडली तरी परत दिली नाय. तो गेल्यावर त्याच्या हत्यारांच्या पिशवीतनं मीच गुपचूप काढून घेतली. आता हर्षद घरी येतो नि आईला विचारतो, "मावशी, ती वाटी गावली का गं?" मावशी म्हणे! आई बिचारी फडताळ उपसते, आणि वाटी माझ्या खिशात.

देऊ कशाला त्याला? तुमी दहाव्याला नव्हतात. नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवंना. झाडावर रांगेनं बसलेत, खाली यायला तयार नाय. भटजी म्हणाले, मनात काय राहिलं असंल त्याच्या, बोला. मी पुढं झालो. दादा, आईला बघीन. नाय. वहिनीला काय कमी पडू देणार नाय. नाय. दारू सोडतो म्हटलं — मागं कुणीतरी हसलं पण — कावळा ढिम्म. घसा बसला माझा. मग हा हर्षद आला, चपला बाजूला काढल्या, आणि हळूच, कानात सांगावं तसं म्हणाला, "सुनील, आठवी पाकळी मी भरतो." झालं. कावळा खाली.

म्हणजे आई नाय, बायको नाय, मी तर नायच — पाकळी! आणि ती पण हर्षदनं कबूल केली तेव्हा सुटला. सगळे हात जोडून रडतायत, आणि मी ढेकूळ उचललं. मारलं. कावळ्याला, हो. लागलं नाय. लागलं नसंल. उडाला की — जरा वाकडा उडाला. आता तुमीच सांगा, तो कावळाच होता का — नाय, नका सांगू.

आज सकाळी मीच चढलो होतो वर. म्हटलं आपण भरू, भाऊ कुणाचा? माल थापला, वाटी दाबली. सगळं घसरून अंगावर, हा बघा शर्ट. किती दाबायची ते दादालाच ठाऊक. आणि… त्या दुसऱ्याला.

थांबा. बाइक आली. त्याचीच, सायलेन्सर फुटलाय. वाटी द्या इकडं. द्या म्हणतो ना! — ए हर्षद, तसा चढू नको रं, परांची हलते, मी धरतो. हाय, वाटी हाय माझ्याकडं. पण काम झालं की घरी आणून द्यायची, समजलं? धुऊन. — तुमी निघा, साहेब. आणि तो सात पाकळ्यांवाला फोटो पुसून टाका.