एकसंध पक्षी

—नाही हो ताई, धाकटी नाहीये म्हणून काय दुकान बंद आहे का? बसा. माझी जाऊ वर जेवायला गेलीय, येईलच. तोवर मी आहे की. तुमच्या पाळणाघराचा बोर्ड ना, पक्षी असलेला? उघडते फाईल. येणारा प्रत्येक जण तिलाच विचारतो — धाकट्या वहिनी कुठायत, धाकट्या वहिनी आहेत का — आणि मी समोर बसलेली, म्हणजे मी काय खुर्चीचं कव्हर आहे? आणि तिला हे शिकवलं कुणी? मीच. लग्न होऊन आली तेव्हा माउस धरता येत नव्हता तिला.

हा बघा तुमचा पक्षी. छान आहे, मी कशाला नाही म्हणू — पण आहे काय त्यात? नुसते गोल. गोलाला गोल जोडला की झालं पोट. दोन गोल एकमेकांवर सरकवले आणि मधला सामाईक भाग तेवढा ठेवला की झाला पंख. मोठ्या गोलातून छोटा कापून काढला की शेपूट. ह्यात कसली आलीय कला? पण आमचे हे काल तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते, हातातला चहा गार होईपर्यंत. इतकी वर्षं मी ह्या खुर्चीत बसते, माझ्यामागे कधी उभे राहिले नाहीत — स्टेपलर कुठंय ते विचारायला सोडून.

आणि चूक बघा तिची. सगळे तुकडे सुटेच ठेवलेत. हे असंच स्टिकर कापायच्या मशीनला दिलं तर पातं प्रत्येक रेघेवरून फिरणार, पक्ष्याच्या पोटातूनसुद्धा — स्टिकरच्या चिंध्या होतील. लक्ष कुठे असतं तिचं? कौतुकात. थांबा — हे सगळं निवडलं, हे जोडलं, झाला एकसंध. सेव्ह केलं, फाईल बंद. एवढ्याशा कामाचा केवढा गाजावाजा.

काय म्हणालात? पंख जरा वर हवा? काल तिने उचलून दाखवला होता तसा — हो का, उचलूनही दाखवला. बरं, उघडते पुन्हा. हा... आता पंख वेगळा हलत नाही ना, पोटाशी एकजीव झालाय. आणि फाईल एकदा बंद केली की मागेही जाता येत नाही. कॉपी? हो, आधी कॉपी करायची असते, मूळ सुटं ठेवायचं आणि कॉपी जोडून कापायला द्यायची — माहितीय मला, तिला मीच शिकवलंय ते. तेच केलं होतं तिने, मूळ सुटं ठेवलं होतं. मीच शिकवलं होतं तसं केलं होतं.

जळते हो मी तिच्यावर. ती मला बोलणारसुद्धा नाही. असू दे वहिनी म्हणेल, हसत पुन्हा काढेल, आणि हे पुन्हा तिच्या मागे जाऊन उभे राहतील.

जिन्यावर पावलं वाजतायत, तीच असणार. ताई, एवढं करा — फाईल उघडली तेव्हा अशीच होती म्हणा. खोटं कसलं त्यात, तुम्हाला ह्यातलं कळतं कुठे? नुसती मान हलवलीत तरी चालेल... नाही? बरं. तुम्हीही तिच्याच. मग उठा तिथून आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसा, मला काम आहे.