स्टेशन कुठे होणार?

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी एक म्हातारी आणि तिचा इंजिनिअर मुलगा बोलत होते.

“काय रे, ट्राम आपल्या उपनगरापर्यंत येणार का?”

“येईल, आई. पाहणी संपली. जमेल, असा अहवाल मीच दिला.”

“देव पावला! स्टेशन कुठे?”

“आपल्या गल्लीत.”

“अगंबाई! अगदी दारात?”

“दारात नाही गं. आपल्या घराच्या जागेवर.”

“चेष्टा करतोस?”

“रूळ दुसरीकडून वळवले, तर शाळा पाडावी लागते.”

“आणि हे तू मला इथे, चारचौघांत सांगतोस?”

“घरी जीभच रेटेना.”

नर्सनं हाक मारली, पण शिंपीणबाईंना उठवेना.

“शाळा वाचवलीस, बरं केलंस,” म्हातारी शेवटी म्हणाली. “आता मात्र माझ्याशी बोलू नकोस.”