आमच्या सुमार बाई

चौक गावाजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत खालापूरहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते. बाईंच्या वर्गातल्या पोरांचं घडाघडा वाचन ऐकून खूश झाले नि म्हणाले, “या बाईंना तालुक्याला नेतो. बाकीच्या शिक्षकांना शिकवतील.”

झालं! एकदा नेलेल्या शिक्षकाच्या जागी दुसरा कुठला यायला? शाळा समितीच्या अध्यक्ष सुनंदावहिनी वडापावची गाडी चालवतात. त्या ताडकन उठल्या. “नको साहेब! बाई एकदम सुमार हायत. तुमचंच नाव खराब होईल.”

जमलेल्या सगळ्या आयांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली. बाई पदराआड हसू दाबत होत्या.

“मग पोरं एवढं वाचतात कशी?”

“तेच तर आमाला कळत नाय!”

साहेब उठले. “मग इतक्या सुमार बाई मी दुसऱ्यांच्या गळ्यात कशाला मारू? राहू द्या तुमच्याकडंच.”