फेसाची हद्द आणि माझे जिने

...आणि वर मलाच विचारतात, एवढ्या तरुण वयात धाप कशी लागते रे तुला? तुम्हाला सांगतो, ज्यांनी अख्खी निवडणूक सलूनच्या फिरत्या खुर्चीत बसून लढवली ना, त्यांनी मला धाप या विषयावर एक शब्द शिकवू नये. बसायचं त्यांनी, आणि जिना कोण चढणार? मी.

उभी कोण होती, तर माझी आत्या. बस चालवते. अख्खा दिवस लोकांना सांगते, पुढे सरका, पुढे सरका, आणि लोक सरकतात, म्हणून तिला वाटलं नगरपालिकासुद्धा सरकेल. कारण म्हणाल तर आमच्या नगरपालिकेच्या इमारतीची लिफ्ट. गेल्या वर्षी बंद पडली ती पडलीच. आम्ही आठव्या मजल्यावर, बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले, तेव्हापासून माणूस खाली उतरलेला नाही. खिडकीतून खाली बघतात आणि कोणाची गाडी वाकडी लावलीय ते घरातल्यांना सांगतात, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. एक दिवस आत्या डबा घेऊन वर आली, डबा टेबलावर आदळला, म्हणाली, "दादा, मी नगरसेवक होणार." बाबा म्हणाले, "हो, पण आधी पाणी पी."

झालं. प्रचारप्रमुख कोण, तर मास्तर. निवृत्त झाले तरी खडू सुटत नाही असा माणूस. मी कॉलेज सोडल्यापासून मला नावाने हाक मारत नाहीत, 'अर्धवट' म्हणतात, आणि तेही मायेने म्हणतात असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्यांनी न्हाव्याकडून दाढीचा फेस घेतला आणि सलूनच्या मोठ्या आरशावर आमच्या वॉर्डाचा नकाशा काढला. म्हटलं, कागदावर काढा की. "अर्धवटा, कागद एकटा माणूस बघतो, आरसा सगळे बघतात." मग चहा आला, मग आत्याने फोटोत हसावं की नाही यावर वाद झाला, न हसण्याची बाजू जिंकली, आणि तोपर्यंत डोक्यावर पंखा, बाहेर ऊन... फेस तो, जागेवर कशाला राहतोय? वॉर्डाची हद्द हळूहळू घसरत खाली आली आणि रस्त्यापलीकडची उंच इमारत पोटात घेऊन बसली. मास्तरांनी कंगवा टेकवला. "हा मनोरा आपला. हा जिंकला की वॉर्ड जिंकला. मी जन्म काढलाय इथे." माना डोलल्या. आणि जिना कोण चढणार? मी.

चढलो हो. तिथेही लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर वेगळी भाषा, वेगळ्या चपला, वेगळ्या फोडणीचा वास, आणि लिफ्टला मात्र सगळे लिफ्टच म्हणतात. एकीने माझ्या हातात बाळ दिलं आणि दोन्ही हात मोकळे करून तक्रार केली. एक आजोबा मला त्यांच्या भाषेत बराच वेळ रागावले, मी माझ्या भाषेत हो हो म्हटलं, शेवटी त्यांनी मला बिस्किट दिलं. मधल्या एका मजल्यावर सामान हलवणारा पैलवान भेटला. हा गडी लोकांची कपाटं पाठीवर घेऊन घरं बदलून देतो. म्हणाला, "तुझ्या बाबांचं वाईट वाटलं, भाऊ. काही लागलं तर सांग." मी प्रत्येकाचं ऐकलं. खरंच ऐकलं, कारण दुसऱ्या मजल्यानंतर बोलायला श्वासच नव्हता.

अगदी वरच्या मजल्यावर एका नर्सबाईंनी पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी आत्या फार आवडली मला. पण आमचं मत पलीकडच्या वॉर्डात आहे रे."

मी पायरीवर बसलो. म्हटलं, "अहो, मग खाली कोणी बोललं का नाही?"

"सगळ्यांना माहीत होतं. पण तू इतकं नीट ऐकत होतास, कोणाला तोडवेना. खालून फोन आला मला, एक मुलगा वर येतोय, काय सांगायचं ते सांगून घ्या."

सलूनमध्ये येऊन सांगितलं तर मास्तर म्हणतात, "जनसंपर्क कधी वाया जात नाही." आरसा तोवर पुसून घेतला होता. चूक म्हणून नाही हं, एका गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड बघायचं होतं म्हणून.

मग मतदानाचा दिवस. काठावरची लढत, एकेक मत हवं, आणि आत्याचा सख्खा भाऊ आठव्या मजल्यावर. मी म्हटलं, "बाबा, पाठीवर बसा, नेतो." बाबांनी मला खालून वर पाहिलं. "कॉलेज अर्ध्यात सोडलंस. मलाही अर्ध्या जिन्यात सोडशील."

तुम्हाला सांगतो, असं लागलं ना मला... म्हटलं, आता हा माणूस खाली उतरणारच. तडक मनोऱ्यात गेलो, पैलवानाला सांगितलं. त्याचं मतही नाही आमच्याकडे, तरी पट्टा खांद्यावर टाकून आला. बाबांना हात असलेल्या खुर्चीत बसवलं, पट्ट्याने बांधलं, वरून तो, खालून मी. आणि बाबा गप्प बसतील? "डावीकडे. कठडा सांभाळ. अरे कोपरा घासतोय. याला भूमिती कधी जमलीच नाही." पैलवान चौथ्या मजल्यावर थांबून म्हणाला, "भाऊ, पुष्कळ सामान उचललं, बोलणारं पहिल्यांदाच."

पण अर्ध्यात नाही सोडलं. दारातून बाहेर आलो. बाबांनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतला. मग म्हणाले, "खिडकीतून वाटतो त्यापेक्षा रुंद आहे." मत दिलं. सलूनमध्ये दाढी केली. मास्तरांशी भांडले. परत वर नेताना हातात नवं वर्तमानपत्र.

आत्या आली निवडून, अगदी घासून, पण आली. पहिल्याच बैठकीत टेबल आपटून लिफ्ट मंजूर करून घेतली. मनोऱ्याचीही बाजू मांडली, शब्द मी दिला होता म्हणे. आता फक्त मोटर यायची बाकी आहे. कुठून, ते मोटरलाच माहीत. काल मी बाबांना म्हटलं, थोडा धीर धरा, लवकरच होईल. तर ते म्हणाले, "होऊ दे की सावकाश, मला काही घाई नाही. माझी सोय लागलीय."

निघतो. पैलवान खाली येऊन थांबला असेल, आणि वर बाबा भांग पाडून, पट्टा स्वतःच बांधून खुर्चीत बसले असतील. मास्तरांशी कालचं भांडण अर्धवट राहिलंय, ते आज पूर्ण करायचंय त्यांना. आणि जिना... जाऊ द्या, विचारताय कशाला?